गव्हाच्या चकतीपायी

गव्हाचं पीठ आणि पाणी. मीठ नाही, खमीर नाही, तेलतूप तर नाहीच. दोन तापलेल्या लोखंडी पट्ट्यांमध्ये दाबून भाजलेली रुपयाएवढी पांढरी चकती. रविवारच्या उपासनेत वेदीपुढे गुडघे टेकलेल्या माणसाला पाळक ती देतात आणि जिभेवर ती क्षणात विरघळते. एवढ्याशा चकतीत नेमकं असतं काय, या प्रश्नापायी १८३८ साली प्रशियातल्या काही शे माणसांनी घरंदारं विकली, गुरं विकली, आईबापांच्या थडग्यांकडे पाठ फिरवली आणि पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला, दक्षिण ऑस्ट्रेलियात जाऊन वसती केली. त्यांतले बहुतेक शेतकरी होते. तिथं जाऊन त्यांनी जन्मभर काय केलं? गहू पिकवला.

अशाच एका शेतकऱ्याची आठवण इथे काढायची आहे. त्याला नाव देत नाही, कारण तो एकटा नाही. ऑस्ट्रेलियाच्या बारोसा खोऱ्यातल्या आणि विमेराच्या सपाटीवरच्या दफनभूमींत तो जर्मन अक्षरं कोरलेल्या दगडांखाली शेकड्यांनी निजलेला आहे. त्याचं आयुष्य मी जुळवलेलं आहे, पण ज्या घटनांमधून ते जातं त्या इतिहासातल्या आहेत. तर मानू या, तो १८३० साली क्लेमझिग नावाच्या खेड्यात जन्मला. हे खेडं तेव्हा प्रशियात होतं. आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याला क्लेंप्स्क म्हणतात.

आधी त्या चकतीचं भांडण समजून घ्यायला हवं. १५२९ साली मार्टिन लूथर आणि स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंगली मारबुर्गच्या किल्ल्यात समोरासमोर बसले. दोघंही पोपच्या विरोधातले. पंधरा कलमांपैकी चौदांवर त्यांचं जमलं आणि पंधराव्यातल्या एका मुद्द्यावर सगळं अडलं. ज्या रात्री अटक झाली त्याच रात्री येशूनं भाकर मोडली आणि हे माझं शरीर आहे, असं शिष्यांना सांगितलं. झ्विंगलीचं म्हणणं, ती खूण आहे, आठवणीसाठी. लूथरनं ते वचन म्हणे खडूनं टेबलावरच लिहिलं, आणि ‘आहे’ म्हणजे आहे, यावरून तो तसूभर हलला नाही. तेव्हापासून लुथरन आणि रिफॉर्म्ड अशी दोन घरं झाली ती झालीच.

तीनशे वर्षांनी प्रशियाच्या गादीवर तिसरा फ्रीडरिक विल्हेल्म होता. राजघराणं रिफॉर्म्ड, प्रजा बव्हंशी लुथरन. राणी लुईझही लुथरन. राजाचा तिच्यावर फार जीव, पण नवराबायकोला एका वेदीवर बरोबरीनं प्रभुभोजन घेता येत नसे. राणी १८१० मध्ये गेली. हा सल राजाच्या मनातून गेला नाही, असं इतिहासकार सांगतात. १८१७ मध्ये, धर्मसुधारणेच्या तीनशेव्या वर्षी, त्यानं दोन्ही पंथ एक झाल्याचं जाहीर केलं. पुढे स्वतः लक्ष घालून उपासनेची एक पोथी तयार केली आणि १८३० पासून ती सगळ्यांवर लादली. चकती देताना म्हणायचे शब्द या पोथीत असे बेतले होते की ज्याला जो अर्थ हवा तो त्यानं घ्यावा. दरबारात ही हुशारी वाटली असेल. खेड्यातल्या कट्टर लुथरन माणसाला ती सरळसरळ लबाडी वाटली.

नवी पोथी नाकारणाऱ्या पाळकांना आधी कामावरून दूर केलं, मग तुरुंगात घातलं. मंडळी रात्री कोठारात, रानात जमू लागली. दंड बसू लागले, दंडापायी गुरं जप्त होऊ लागली. सायलेशियातल्या होनिगर्न गावात लोकांनी चर्चच्या दाराशी ठिय्या दिला, तेव्हा डिसेंबर १८३४ मध्ये, ऐन नाताळाच्या तोंडावर, सैन्य पाठवून ते दार उघडावं लागलं. राजा काही क्रूर नव्हता. आपण भलं करतो आहोत आणि ही माणसं उगीच हट्ट करताहेत, असं त्याला मनापासून वाटत होतं. अशा सत्ताधाऱ्याशी भांडणं क्रूर माणसाशी भांडण्याहून अवघड असतं, असं माझं मत आहे.

क्लेमझिगचे पाळक आउगुस्ट काफेल १८३६ मध्ये वाट शोधत लंडनला पोचले. तिथे त्यांना जॉर्ज फाइफ अँगस भेटला. हा साउथ ऑस्ट्रेलियन कंपनीचा अध्यक्ष, स्वतः बाप्टिस्ट. सरकारी चर्चबाहेरच्या माणसाचं दुःख त्याला कळत होतं. त्याला नव्या वसाहतीसाठी कष्टाळू, सालस शेतकरीही हवे होते. धर्म आणि धंदा दोन्ही एका माणसात होते आणि दोन्ही खरे होते. त्यानं या लोकांना प्रवासासाठी पैसे दिले, अर्थात व्याजानं. प्रशिया सरकारनं परवान्यासाठी दोन वर्षं रखडवलं. अखेर १८३८ च्या उन्हाळ्यात आपला आठ वर्षांचा मुलगा आईबापांबरोबर ओडर नदीवर होडग्यात बसला. नदी, कालवे, पुन्हा नदी असं करत, बर्लिनवरून, ती होडगी हॅम्बुर्गला आली. वाटेत माणसं गीतं गात होती. ‘प्रिन्स जॉर्ज’ आणि ‘बेंगाली’ ही त्यांची जहाजं नोव्हेंबरमध्ये अ‍ॅडिलेडच्या बंदरात लागली.

त्यांच्या आधी महिनाभर, ऑक्टोबरमध्ये, दोन लुथरन मिशनरी तिथं पोचले होते: टाइशेलमान आणि शूरमान. ज्या जहाजातून ते आले, त्यातूनच वसाहतीचा नवा गव्हर्नर गॉलरही आला. जहाजाचं नाव होतं ‘पेस्तनजी बमनजी’. मुंबईकर वाचक इथे दचकेल. मीही दचकलो होतो. जर्मन धर्मप्रचारक, इंग्रज गव्हर्नर आणि जहाजावर पारशी शेठजींचं नाव, असा तो काळ होता. व्यापाराच्या वाटा आधीच सगळीकडे गेलेल्या होत्या. श्रद्धा त्यांवरून मागाहून चालत गेली.

या दोन मिशनऱ्यांनी आणखी एक काम केलं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हे. जमीन रिकामी नव्हती. अ‍ॅडिलेडच्या मैदानात काउर्ना लोक राहत होते, मागच्या डोंगरात पेरामांक. त्यांची जमीन लंडनमध्ये बसून विकली गेली होती, आणि आपल्या देवभोळ्या शेतकऱ्याचा नांगर त्याच जमिनीत चालणार होता. स्वतः परागंदा झालेला माणूस दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभा होता. त्याला ते कितपत जाणवलं कोण जाणे. टाइशेलमान आणि शूरमान मात्र काउर्ना भाषा शिकले, त्या भाषेत शाळा चालवली आणि १८४० मध्ये तिचं व्याकरण आणि शब्दसंग्रह छापला. पुढे ती भाषा रोजच्या बोलण्यातून नाहीशी झाली. गेल्या काही दशकांत काउर्ना वंशजांनी ती पुन्हा बोलायला घेतली, ती मुख्यतः याच पुस्तकाच्या आधारावर.

अ‍ॅडिलेडजवळच्या टॉरेन्स नदीकाठी जी पहिली वस्ती झाली तिला लोकांनी आपल्या गावाचंच नाव दिलं, क्लेमझिग. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘झेब्रा’ नावाचं तिसरं जहाज आलं. त्याचा कप्तान डिर्क हान या उतारूंच्या प्रेमातच पडला. माल उतरवून परत जायचं सोडून तो डोंगरात जमीन शोधत हिंडला, जमीनमालकांशी घासाघीस केली आणि पहिल्या वर्षी खंड नाही अशी अट पदरात पाडून घेतली. लोकांनी गावाला त्याचं नाव दिलं: हानडॉर्फ, म्हणजे हानचं गाव. तिथल्या बायका आणि मुली भाजी, लोणी, अंडी पाटीत घालून मध्यरात्री निघत आणि तीसएक किलोमीटर डोंगर उतरून सकाळच्या बाजाराला अ‍ॅडिलेडला पोचत. बूट झिजू नयेत म्हणून अनवाणी चालत. शहर जवळ आलं की ओढ्यावर पाय धुऊन बूट चढवत. परतताना चर्चच्या बांधकामासाठी प्रत्येकी दोन विटा आणत, असंही सांगतात. वसाहतीतल्या इंग्रजांना आश्चर्य वाटे ते वेगळ्याच गोष्टीचं. या बायका कापणी करत, मेंढ्यांची लोकरही कातरत. बाईनं शेतात राबावं हे त्यांना बघवत नसे आणि त्या बाईनं आणलेलं लोणी मात्र चालत असे.

१८४० च्या दशकात बारोसा खोऱ्यात बेथनी, लांगमाइल ही गावं वसली. बेथनीची आखणी आजही ओळखू येते. एका रस्त्याच्या कडेला सगळी घरं, आणि प्रत्येक घरामागे ओढ्यापर्यंत गेलेली शेताची लांब, अरुंद पट्टी. इंग्रज शेतकरी आपल्या जमिनीच्या मधोमध एकटा राहायचा. यांना शेजार हवा, चर्चची घंटा ऐकू येईल एवढ्या अंतरात घर हवं. म्हणून सायलेशिया-ब्रांडेनबुर्गच्या खेड्यांची मांडणी त्यांनी जशीच्या तशी निलगिरीच्या रानात आणून ठेवली.

आपला मुलगा इथेच मोठा झाला. पेरणी हातानं फेकून, कापणी विळ्यानं, मळणी काठीनं झोडपून. १८४३ मध्ये जॉन रिडली या पीठगिरणीवाल्यानं कापणीचं यंत्र आणलं. ते उभ्या पिकातून ढकलत न्यायचं. पुढचा कंगवा ओंब्या धरी, आतली फिरती फळी दाणे झोडपून काढी आणि काड शेतातच उभं राही. मजुरांची वानवा असलेल्या त्या देशात या यंत्रानं गव्हाचं राज्य आणलं. पण बारीक पट्टीवाल्या जर्मन कुटुंबात हाताची काही कमी नव्हती. आठ-दहा पोरं असत. शिवाय काड त्यांना छपरासाठी आणि गुरांसाठी हवं होतं.

पोरं आठवड्यातले दिवस शाळेत असत. चर्चच्या आधी नाही तर चर्चबरोबर शाळा, हा त्यांचा शिरस्ता. तिथलं मुख्य पाठ्यपुस्तक म्हणजे लूथरनं त्याच १५२९ साली लिहिलेली छोटी प्रश्नोत्तरी. घरातल्या कर्त्या पुरुषानं ती सोप्या भाषेत बायकामुलांना, गड्यांना शिकवावी, असं तिच्या प्रत्येक भागावर लिहिलेलं असतं. म्हणजे शेतकरी हाच घरचा पाळक. सकाळी कामाला जाण्यापूर्वी आणि रात्री जेवणानंतर तो पवित्र शास्त्र वाचे, सगळे मिळून एखादं गीत म्हणत.

या प्रश्नोत्तरीत एक प्रश्न आहे, आणि गव्हाच्या शेतकऱ्याचं सगळं मन मला त्यात दिसतं. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो, तर रोजची भाकर म्हणजे काय? दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळं व्हायचं, तर लूथर यादीच काढतो. अन्न, पाणी, कपडे, जोडे. घर, शेत, गुरं, पैसा. सालस बायको, सालस मुलं, इमानी गडी. चांगलं सरकार, चांगली हवा, शांतता, आरोग्य. चांगले मित्र, विश्वासू शेजारी. हे सगळं भाकरीत येतं! जोडे आणि पाऊसपाणी एका ओळीला बसतात, सरकारही त्यातच. आठ वर्षांच्या मुलाला हे तोंडपाठ असे. मग तो मोठेपणी आभाळाकडे बघत उभा राहिला की ते बघणंही प्रार्थनेचाच भाग होई. लूथरची शिकवणच तशी होती: मठात जाऊन जप करणारा देवाला जास्त जवळचा आणि नांगर धरणारा लांबचा, हे त्यानं साफ नाकारलं. आपल्या वाट्याचं काम शेजाऱ्याच्या उपयोगी पडेल असं चोख करणं, हीच चाकरी. गहू शेजाऱ्याच्या पोटात जातो, म्हणून गहू पेरणं हे धर्मकृत्य. कसं पेरायचं? नीट, सरळ, तणाला जागा न ठेवता. या लोकांच्या शेतांची नीटनेटकी निगा आल्यागेल्याच्या डोळ्यांत भरे. ती जातीची टापटीप होती असं म्हणून सोडून देतात; मला ती धर्मशास्त्राची वाटते.

आता एक गंमत. यांचं चर्चचं वर्ष उत्तर गोलार्धातलं. सुगीचा आभारोत्सव सप्टेंबरअखेर नाही तर ऑक्टोबरमध्ये, नाताळ बर्फात, पुनरुत्थानाचा सण वसंतात. दक्षिणेत आल्यावर सगळं उलटं झालं. आपली दिवाळी वैशाखात येऊन पडावी तसं. गहू पेरायचा एप्रिल ते जून, काढायचा नोव्हेंबर ते जानेवारी. म्हणजे नाताळ ऐन कापणीत, धुळीत आणि चाळीस अंशांच्या उन्हात. ऑक्टोबरमध्ये पीक अजून हिरवं, आभार कशाचे मानणार? म्हणून सुगीचा उत्सव पुढे उन्हाळ्याच्या शेवटाकडे सरकवावा लागला. पण एका सणाची मात्र बरोबर गाठ पडली. दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो आणि मेला तर पुष्कळ फळ देतो, असा दाखला शुभवर्तमानात येशू देतो. युरोपात पुनरुत्थानाच्या दिवशी पीक वर आलेलं असतं. इथे एप्रिलमध्ये, पहिल्या पावसाची वाट बघत, शेतकरी दाणा मातीत घालायच्या तयारीत असतो. त्या वचनाचं नातं जर्मनीपेक्षा ऑस्ट्रेलियाच्या हवामानाशी जास्त घट्ट जुळलं!

ही माणसं संत होती असं मात्र कुणी समजू नये. ज्या हट्टानं राजापुढे मान वाकवली नाही, तोच हट्ट आपसांतही होता. १८४६ मध्ये बेथनीला सभा भरली. एकीकडे काफेल, दुसरीकडे १८४१ मध्ये आलेले पाळक फ्रिट्शे. येशूच्या हजार वर्षांच्या राज्याबद्दलचा अर्थ कोणता, चर्चचा कारभार कसा चालावा, यावरून वाद पेटला आणि काफेल आपल्या माणसांना घेऊन सभेतून उठले. एवढी वीस हजार किलोमीटरची सफर करून आलेली मंडळी आठ वर्षांत दुभंगली. आपला शेतकरी तेव्हा सोळा वर्षांचा होता. पुढे लग्न जमवताना पोरगी कुठल्या चर्चची, हा पहिला प्रश्न झाला. फाटाफूट नंतरही होत राहिली. बारोसातल्या लाइट पास या इवल्याशा गावात हाकेच्या अंतरावर दोन लुथरन चर्च उभी राहिली. दोन मुख्य गटांची दिलजमाई व्हायला १९६६ साल उजाडावं लागलं. एकशेवीस वर्षं!

आणि नशिबाची थट्टा बघा. ज्या राजामुळे घर सोडलं तो १८४० मध्येच वारला. त्याच्या मुलानं कैदेतले पाळक सोडले, आणि १८४५ मध्ये जुन्या लुथरन मंडळींना प्रशियात मान्यताही मिळाली. दोन वर्षं कळ काढली असती तर जहाजात चढायची वेळच आली नसती. पण तोवर बारोसात गव्हाची पिकं निघू लागली होती. परत कोण जातो?

खरी अडचण जमिनीची झाली. दहा पोरांत ऐंशी एकर वाटायचे तर वाट्याला काय येणार? तिकडे न्यू साउथ वेल्समध्ये १८६१ च्या कायद्यानं एकरी एक पौंडानं, त्यातला पाव हिस्सा आधी भरून, जमीन मिळू लागली होती. १८६८ मध्ये बारोसातल्या एबेनेझर वस्तीवरून काही कुटुंबं निघाली: ५६ माणसं, १४ झाकलेल्या गाड्या. या जर्मन गाड्या लांबट, तळाशी अरुंद आणि वर पसरट. आत बियाण्याची पोती, नांगर, कोंबड्यांची खुराडी, आजारी म्हातारी, आणि पेटीत पवित्र शास्त्र व गीतांचं पुस्तक. मरे नदीच्या काठाकाठानं सहाएक आठवडे चालून ती वॉला वॉला नावाच्या जागी पोचली. आपला शेतकरी तेव्हा अडतीस वर्षांचा. लहानपणी बापानं होडग्यात बसवलं होतं, आता त्यानं स्वतःची पोरं गाडीत बसवली. या वेळी मात्र पाठीमागे कुणी राजा लागलेला नव्हता. हे नुसतं जमिनीसाठी होतं, आणि ते त्यानं मोकळेपणानं कबूल केलं असतं. वॉला वॉलाचं आजचं झायन चर्च १९२४ मध्ये बांधलेलं आहे. ते न्यू साउथ वेल्समधलं सगळ्यात मोठं लुथरन चर्च आहे, एका खेड्यात.

ज्यांनी वॉला वॉलाची वाट धरली नाही ते मॅलीच्या रानात आणि विमेराला गेले. मॅली म्हणजे निलगिरीच्याच काही जाती, पण एका खोडाऐवजी जमिनीखाली भला मोठा गड्डा वाढतो आणि त्यातून अनेक फांद्या फुटतात. वरचं झुडूप तोडा, जाळा, गड्डा जमिनीतच असतो आणि नांगराचा फाळ त्यावर आपटून मोडतो. १८७६ मध्ये यॉर्क द्वीपकल्पावर स्मिथ बंधूंनी बिजागरीवरचा नांगर काढला. गड्डा आडवा आला की फाळ उचलला जाई, उडी मारून पलीकडे पुन्हा मातीत शिरे. इतक्या साध्या युक्तीनं लाखो एकर रान गव्हाखाली आलं.

पाऊस मात्र कुठल्याच युक्तीला बधत नाही. १८६५ मध्ये जॉर्ज गॉयडर या सर्वेक्षकानं घोड्यावरून फिरून, झाडोरा बघून, नकाशावर एक रेघ ओढली होती. हिच्या उत्तरेला पेरू नका. सुमारे तीनशे मिलिमीटर पावसाची ती सीमा होती. मधली काही वर्षं बरी गेल्यावर लोक गॉयडरला हसले, रेघ ओलांडून पेरत गेले, आणि १८८० च्या दुष्काळात परत फिरले. त्यांची छप्पर उडालेली दगडी घरं अजून तिथं उभी आहेत. रोजच्या भाकरीच्या यादीत चांगली हवा का असते, हे या लोकांना पंडितांपेक्षा चांगलं कळत होतं.

मग १८८९ चा तांबेरा आला. ओल्या वसंतात पानांवर विटकरी भुकटी धरली आणि उभं पीक गेलं. त्या संकटानंतर विल्यम फॅरर नावाच्या माणसाचा नाद लोक गांभीर्यानं घेऊ लागले. हा इंग्रज माणूस आजच्या कॅनबेराजवळ, मरमबिजी नदीकाठच्या आपल्या लॅम्ब्रिग मळ्यात गव्हाच्या जातींचे संकर करत बसे. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वसाहती एकत्र येऊन राष्ट्र झालं, त्याच सुमारास त्यानं एक जात बाहेर काढली आणि तिला नाव दिलं फेडरेशन. बुटकं, ताठ, यंत्रानं सहज कापता येणारं पीक. लवकर तयार होणारं, म्हणून दुष्काळातून निसटणारं. ओंबी सोनेरीऐवजी तपकिरी. पुढच्या दहा वर्षांत ती देशातली सगळ्यात जास्त पेरली जाणारी जात झाली आणि शेतांचा रंगच बदलला.

फेडरेशनची वंशावळ वाचताना मी थक्क झालो. तिचा एक जनक ऑस्ट्रेलियातला जुना पर्पल स्ट्रॉ. दुसरा यांडिला, आणि तो दोन गव्हांच्या संकरातून आलेला. त्यातला एक होता फाइफ. हा गहू कॅनडातल्या डेव्हिड फाइफ या शेतकऱ्यानं १८४० च्या दशकात वाढवला, पण बी त्याला ग्लासगोहून आलं होतं, आणि ग्लासगोला ते डांझिगच्या जहाजातून आलं असं परंपरेनं सांगतात. डांझिग तेव्हा प्रशियाचं बंदर! आणि यांडिलाचा दुसरा जनक? त्याचं नाव इटावा. आपल्या उत्तर प्रदेशातलं, यमुनेकाठचं इटावा; भारतातून फॅररनं मिळवलेला गहू. म्हणजे १९०५ च्या सुमारास वॉला वॉलाच्या शेतात पंचाहत्तर वर्षांचा जो म्हातारा उभा होता, त्याच्यासमोरच्या तपकिरी ओंब्यांत त्यानं सोडलेल्या राज्याच्या बंदरावरचा दाणा होता आणि यमुनाकाठच्या कुणा अनाम कुणब्याचाही. त्याला यातलं काहीच माहीत नसणार. चर्चमधली चकती त्याच पिठाची होत होती.

तो पहिल्या महायुद्धाआधी गेला असं धरतो, कारण पुढचं त्याला बघवलं नसतं. सत्तरऐंशी वर्षांपूर्वी आलेली, याच मातीत पुरलेली माणसं एका रात्रीत शत्रू ठरली. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९१७ मध्ये ४९ लुथरन शाळा सरकारनं बंद केल्या. त्याच वर्षीच्या कायद्यानं ६९ जर्मन गावनावं पुसली: क्लेमझिगचं गाझा झालं, हानडॉर्फचं अ‍ॅम्बलसाइड. वॉला वॉलापासून जवळच जर्मनटन नावाचं गाव होतं. त्याला १९१५ मध्येच होलब्रुक हे ब्रिटिश पाणबुडीच्या कप्तानाचं नाव दिलं गेलं, आणि म्हणून समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, गव्हाच्या आणि मेंढ्यांच्या मुलखात, आज एका पाणबुडीचा वरचा भाग बागेत मांडून ठेवलेला दिसतो. युद्धात या घरांतली मुलं ऑस्ट्रेलियाच्या बाजूनं लढून मेली, हे सांगायला नकोच. क्लेमझिग आणि हानडॉर्फ ही नावं १९३५ मध्ये परत आली. शाळा बऱ्याच सावकाश आल्या.

अ‍ॅडिलेडला आज मराठी घरं पुष्कळ आहेत. तुमचं कुणी तिथं असेल तर हानडॉर्फला ते तुम्हाला नेतीलच. शहरापासून अर्ध्या तासावर आहे, सॉसेज खाऊन, फोटो काढून सगळे परत येतात. एक दिवस जास्तीचा मागून घ्या आणि बारोसात जा. द्राक्षाचे मळे दाखवायला यजमान उत्सुक असतील. त्यांना आधी बेथनीचा तो एक रस्ता आणि मग लाइट पासची ती दोन चर्च दाखवायला सांगा. दफनभूमीतल्या दगडांवर जन्मगाव बहुधा कोरलेलं असतं. त्यातली बरीचशी गावं आजच्या पोलंडमध्ये आहेत.